तिथी पाहून सुट्टी: शास्त्री ते वाशिष्ठी, पाच निवांत दिवस

कोकणात जायचं ठरलं की आपण आधी रजा बघतो, मग गाडीचं तिकीट, मग खोली. तिथी कुणी बघत नाही. मीही बघत नव्हतो. हेदवीची बामणघळ पाहायला पहिल्यांदा गेलो तेव्हा अष्टमी होती आणि वेळ भर दुपारची. कातळात एक लांबट भेग, तळाशी गुडघाभर पाणी आणि उन्हाला आलेले दोन खेकडे, एवढंच दिसलं. फोटोत पाहिलेला पाण्याचा लोळ कुठेच नव्हता. उमामहेश्वराच्या देवळाजवळ सावलीत बसलेल्या आजींनी चौकशी केली, कुठून आलात वगैरे, आणि मग सहज विचारलं, "तिथी बघून नाय आलात?" पुढच्या खेपेला बीज बघून गेलो. त्या दिवशी घळीतून उसळलेलं पाणी आमच्या डोक्यावरून गेलं आणि चष्मा पुसायलाही कोरडं कापड उरलं नाही.

तेव्हापासून या भागातली सुट्टी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरून आखतो. ती कशी आखायची, कुठून शिरायचं, कुठे राहायचं आणि काय सोडून द्यायचं, ते इथे क्रमाने लिहितो.

भाग कुठला, आणि तिथे गर्दी का नाही

रत्नागिरी जिल्ह्यातला गुहागर तालुका. उत्तरेला वाशिष्ठी नदी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते, दक्षिणेला शास्त्री नदी जयगडच्या खाडीतून. पश्चिमेला समुद्र. म्हणजे तीन बाजूंनी पाणी. दापोलीला येणारा पर्यटक दाभोळच्या धक्क्यावर थबकतो, गणपतीपुळ्याला येणारा जयगडचा किल्ला बघून मागे फिरतो. समोरचा किनारा दिसत असतो, पण मध्ये खाडी असते आणि पलीकडे काय आहे ते ठाऊक नसतं. फेरीबोटी सुरू झाल्या तेव्हापासून गाड्या पलीकडे जातात खऱ्या, पण बहुतेकांना पुढे कुठेतरी पोचायची घाई असते. मधल्या गावांत थांबणारे अजून थोडेच.

पूर्ण निर्मनुष्य काही नाही, हेही सांगून ठेवतो. मे महिना, दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नवीन वर्ष या काळात गुहागरच्या चौपाटीवरही घोडागाड्या आणि भेळेचे स्टॉल असतात. गणपती आणि शिमगा या दोन सणांना मुंबईतला अर्धा तालुका घरी परततो. गावं तेव्हा सगळ्यात सुंदर असतात, पण ती सुट्टी निवांत नव्हे. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि त्या सणांचं तिकीट मिनिटांत संपतं.

पहिलं काम: भरतीचं गणित

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हे तोंडपाठ असतं. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जी वेळ येईल ती पूर्ण भरतीची. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दोन्ही पक्षांत मोजणी पुन्हा एकपासून. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, तिला इकडे सुकती म्हणतात. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ हवी असेल तर रत्नागिरी बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवर पाहून घ्यावं. आखणीला मात्र पाऊणपट पुरते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्याची ओढ एका रेषेत येते, भरती उंच चढते आणि ओहोटी खोल जाते. हे उधाण. अष्टमीच्या आसपास ओढ काटकोनात असते, पाणी थोडंच चढतं आणि थोडंच उतरतं. त्याला भांग म्हणतात. उधाण ऐन तिथीपेक्षा एक-दोन दिवस उशिरा सर्वांत जोरात असतं, म्हणून बीज ही माझी आवडती तिथी.

आता या तालुक्यात आपल्याला काय हवंय ते बघा. हेदवीच्या घळीला उधाणाची भरती हवी, तीही उजेडात आणि जेवणाच्या आधी. गुहागरची लांब वाळू चालायला सकाळची सुकती हवी. आणि वाशिष्ठीतल्या मगरी बघायच्या तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पाणी उतरलेलं हवं, कारण तेव्हा चिखलाचे काठ उघडे पडतात आणि मगरी उन्हाला येतात. हे तिन्ही एका ओळीत बसवायचं तर उत्तर एकच निघतं: प्रतिपदेला शास्त्रीच्या बाजूने शिरायचं आणि पंचमीला वाशिष्ठीच्या बाजूने बाहेर पडायचं. दक्षिणेकडून उत्तरेकडे. उलट दिशेने गेलात तर तीच ठिकाणं दिसतील, पण पाणी चुकलेलं असेल.

महिने म्हणाल तर कार्तिकातल्या अमावास्येपासून माघी पौर्णिमेपर्यंत. पाऊस पूर्ण गेलेला असतो, ऑक्टोबरचा उकाडा ओसरलेला असतो आणि पहाटे अंगावर शाल लागते. यातली एखादी प्रतिपदा रविवारी किंवा सोमवारी येत असेल तर ती सोडू नका, मधले दिवस कामाचे असल्याने गावं रिकामी मिळतात. महाशिवरात्रीच्या पाठोपाठ येणारी अमावास्या मात्र सांभाळून घ्या. वेळणेश्वर आणि गुहागरचा व्याडेश्वर या दोन्ही ठिकाणी शिवरात्रीला यात्रेची गर्दी असते.

पौर्णिमेनंतर की अमावास्येनंतर, हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा प्रश्न. पौर्णिमेनंतर गेलात तर संध्याकाळी माडांच्या मागून चंद्र वर येतो. अमावास्येनंतर गेलात तर आकाश गच्च भरलेलं असतं, आणि नशीब असेल तर हिवाळ्यात रात्री लाटा फुटताना निळसर चमकतात. तो उजेड पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा. हात पाण्यात फिरवला की बोटांभोवती ठिणग्या उठतात. मी हे दोनदाच पाहिलंय, त्यामुळे त्याच्या भरवशावर कुणाला नेऊ नका.

खोली ठरवताना

दोनच मुक्काम ठेवा. पहिले दोन दिवस हेदवी किंवा वेळणेश्वर, पुढचे दोन गुहागर. रोज बॅग भरायची असेल तर निवांतपणा कसला?

या भागात घरगुती राहण्याच्या सोयी भरपूर आहेत. माडा-पोफळीच्या वाडीत मागे दोन-चार खोल्या बांधलेल्या, जेवण घरच्यांसोबत. फोनवर बोलताना चार गोष्टी विचारा. समुद्र किंवा खाडी चालत किती अंतरावर आहे? जेवण घरीच मिळेल का, आणि मासे करता का? पुष्कळ घरं शाकाहारी आहेत आणि ते आधीच सांगतात. तिसरं, जेट्टीवरून आणायला रिक्षा पाठवाल का? चौथं, दिवसभरासाठी रिक्षावाला ठरवून द्याल का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं होकारार्थी आली तर स्वतःची गाडी न्यायची गरज नाही. एसटी आहे, पण आतल्या गावांना दिवसातून मोजक्याच फेऱ्या.

कृष्ण पक्षात जात असाल तर चौथ्या दिवशी संकष्टी येते. त्या दिवशी मासे हवे असतील तर यजमानांना आधी विचारा, आणि गणपतीच्या देवळात संध्याकाळी गर्दी असेल हे गृहीत धरा.

रोख पैसे बरोबर ठेवा. शृंगारतळीची बाजारपेठ आणि गुहागर सोडलं तर एटीएमच्या भरवशावर राहता येत नाही, आणि खाडीकाठच्या कित्येक वाड्यांत मोबाइलची रेंज एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं तरच येते. यजमान तो दगड दाखवतात.

दिवस पहिला, प्रतिपदा: शास्त्री ओलांडून

मुंबईहून पहाटेची जनशताब्दी धरली की दुपारच्या आत रत्नागिरी. कोल्हापूरकरांना आंबा घाटातून सरळ रस्ता. स्वतःच्या गाडीने मुंबईहून येणाऱ्यांनी महामार्गाने निवळी फाट्यापर्यंत येऊन जयगडकडे वळावं. पुणेकरांना हा वळसा मोठा वाटतो, त्यांनी पाटण-कुंभार्ली घाटाने चिपळूण गाठून थेट हेदवीला यावं आणि शास्त्रीची फेरी एका दुपारी वेगळी करावी.

रत्नागिरीहून जयगडला किनाऱ्याच्या रस्त्याने आलात तर गणपतीपुळं आणि मालगुंड वाटेत लागतात. मालगुंड हे कवी केशवसुतांचं जन्मगाव. त्यांचं घर स्मारक म्हणून जपलंय आणि तिथे अर्धा तास थांबावं असं ते नक्कीच आहे. पुढे नांदिवड्याचं कऱ्हाटेश्वराचं देऊळ कड्याखाली समुद्राला लागून आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. जयगडचा किल्ला आणि दीपगृह पाहायचं की नाही ते उजेड किती उरलाय त्यावर ठरवा. पहिल्या दिवशी मी किल्ले ठेवत नाही.

जयगडहून तवसाळला फेरीबोट जाते. स्थानिक लोक तिला सरसकट जंगलजेटी म्हणतात. मोटार, दुचाकी, चालत येणारी माणसं, कोंबड्यांच्या पाट्या, सगळं तिच्यावर चढतं. पार जायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. गाडी चढवताना खलाशी सांगेल तसं उलट किंवा सरळ घ्या, हँडब्रेक ओढा, आणि मग गाडीतून उतरून कठड्याशी उभे राहा. काचा लावून एसीत बसून खाडी पार करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. बोटीच्या वेळा ऋतूप्रमाणे आणि हवामानाप्रमाणे बदलतात, त्यामुळे निघण्यापूर्वी यजमानांना फोन करून विचारा, आणि शेवटच्या बोटीच्या भरवशावर मुळीच राहू नका. ती चुकली तर शास्त्रीवरचा राई-भातगावचा पूल आहे, पण त्यासाठी बरंच आत जाऊन यावं लागतं.

तवसाळला उतरलात की आवाज बदलतो. डावीकडे समुद्र, उजवीकडे खाडीकाठची तिवरं. रोहिले, नरवण अशी गावं करत हेदवीला पोचेपर्यंत संध्याकाळ होते. पाणी उतरत असतं. चहा घ्या आणि किनाऱ्यावर जाऊन बसा, आज एवढंच काम.

दिवस दुसरा, बीज: घळीचा दिवस

सकाळी दशभुज लक्ष्मीगणेशाचं देऊळ. टेकडीच्या पोटाशी, झाडीत. पांढरीशुभ्र दहा हातांची मूर्ती आहे. सकाळी लवकर गेलात तर पुजारी आणि तुम्ही, दोघंच.

भरतीची वेळ दुपारी दीड. बामणघळीला साडेअकरा-बारालाच पोचा, कारण खरी गंमत पाणी चढत असताना आहे. घळ म्हणजे काळ्या कातळाला पडलेली अरुंद चीर. समुद्राच्या बाजूने लाट आत शिरते, पुढे जागा आक्रसत जाते, पाण्याला वरच्या दिशेशिवाय वाट उरत नाही, आणि ते तोफेसारखा आवाज करून उसळतं. प्रत्येक लाट तेवढी उंच जात नाही. पाच-सहा लाटा फुसक्या जातात, मग एक येते. माणसं फसतात ती इथेच. "अजून जवळून बघू" म्हणत कडेला सरकतात आणि मोठी लाट ओढून नेते. ओल्या कातळावर पाय ठेवू नका. दगडाचा जो भाग काळा, बुळबुळीत दिसतो तिथपर्यंत पाणी येतं असं समजा आणि कोरड्या, करड्या भागावर उभे राहा. मुलांचा हात सोडू नका. पावसाळ्यात इथे जाऊच नये.

जेवणानंतर झोप. चारनंतर वेळणेश्वर. नावाबद्दल गावात सांगतात, वेळ न लावता पावणारा तो वेळणेश्वर. माझ्या मते वेळ म्हणजे किनारा हा जुना अर्थ जास्त जवळचा, पण देवळाच्या ओट्यावर बसून असला वाद घालू नये. किनारा अर्धचंद्राकृती आणि माडांची रांग अगदी वाळूपर्यंत आलेली. दिसायला शांत असला तरी पोहण्यासाठी तो सोपा नाही, या किनाऱ्यावर बुडण्याच्या घटना झालेल्या आहेत. कमरेच्या वर पाण्यात जाऊ नका, आणि ओहोटी लागल्यावर तर नाहीच. हाच नियम खाडीच्या मुखांना दुपटीने लागू: सुकतीला खाडीतलं सगळं पाणी एका अरुंद तोंडातून बाहेर धावतं, आणि त्या ओढीपुढे पट्टीचा पोहणाराही टिकत नाही.

दिवस तिसरा, तीज: गुहागरकडे, रेंगाळत

या दिवसाला कार्यक्रम नाही. वेळणेश्वर ते गुहागर विशेक किलोमीटर, त्याला आख्खा दिवस द्या. मध्ये बुधलला उतरा. कड्यांच्या बेचक्यात वसलेली कोळ्यांची छोटी वस्ती, खाली होड्या ओढून ठेवलेल्या, टेकाडावर देऊळ. इथे दुकान नाही, पाणी बरोबर न्या. लोक जाळी विणत असतात, त्यांच्या अंगणातून जाताना विचारून जा आणि सुकत घातलेल्या मासळीवर पाय पडणार नाही एवढं बघा. पुढे पालशेत, मग असगोली.

गुहागर हे गाव एका लांब रस्त्याला ओवलेलं आहे. वरचा पाट, खालचा पाट, बाग अशा त्याच्या भागांची नावं. दुतर्फा घरं, घरांमागे पोफळी, पोफळींमागे सुरूची झाडं, त्यामागे समुद्र. म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्याला समुद्र दिसतच नाही, कुणाच्या तरी पाणंदीतून आत शिरावं लागतं. मुक्कामाला घर बाजारपेठेपासून लांब, टोकाच्या बाजूचं घ्या. संध्याकाळी व्याडेश्वर आणि उफराटा गणपती. गणपतीचं तोंड पश्चिमेला. समुद्र गावात शिरू लागला तेव्हा देवाने तोंड फिरवून त्याला अडवलं, अशी कथा आहे.

कासवांसाठी एक वेगळी पहाट

गुहागरचा किनारा सुमारे सहा किलोमीटर लांब. हिवाळ्यात इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वाळूत अंडी घालायला येतात. वन विभाग आणि गावातले कासवमित्र ती अंडी कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत हलवतात आणि साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. कोकणात या कामाची सुरुवात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने केली. आज गुहागर त्यातलं एक मोठं ठिकाण आहे. फेब्रुवारी 2023मध्ये इथल्या दोन माद्यांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावून सोडलं, नावं बागेश्री आणि गुहा. बागेश्री दक्षिणेकडे जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. उलटही घडलं. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021मध्ये क्रमांकाची पट्टी लावलेली मादी 2025मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगळी, असं धरून चालणाऱ्यांना त्या एका मादीने विचारात पाडलं.

पिल्लं बघायची असतील तर माघातली फेरी धरा, म्हणजे फेब्रुवारी. पोचलात की यजमानांमार्फत कासवमित्रांकडे चौकशी करा. पिल्लं पहाटे किंवा सूर्यास्ताला सोडतात, आणि निघतीलच याची हमी कुणी देत नाही. फ्लॅश, विजेरी, हातात घेऊन फोटो, काहीही नको. दोरीच्या अलीकडे बसायचं. पिल्लांना पाण्यापर्यंत स्वतःच चालू द्यावं लागतं, ती वाट थोडी लांब वाटली तरी.

दिवस चौथा, चतुर्थी: वाशिष्ठीचं तोंड

पहाटे उठून वाळू चाला. सुकती नऊच्या सुमारास, त्यामुळे सातपासूनच पाणी दूर गेलेलं असतं आणि ओली वाळू रस्त्यासारखी टणक झालेली असते. अनवाणी असगोलीच्या दिशेने जाऊन यावं. हिवाळी पाहुणे कुरव आणि तुतवार पाण्याच्या रेषेवर धावत असतात. माडांवर किंवा सुरूवर एखादा पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दिसला तर थांबा, त्याला मान वळवायलाही घाई नसते.

नाश्त्यानंतर रिक्षाने अंजनवेल. खाडीच्या तोंडावर गोपाळगड उभा आहे. सिद्दीकडून तुळाजी आंग्र्यांनी तो घेतला, 1818मध्ये इंग्रजांकडे गेला. खंदक आणि तटबंदी भक्कम, आत आमराई. टाळकेश्वराच्या देवळाजवळ दीपगृह आहे. तिथल्या कड्यावरून खाडी समुद्राला मिळते ती रेघ स्पष्ट दिसते: एकीकडे मातकट हिरवं पाणी, दुसरीकडे निळं. शांत दिवशी डॉल्फिन पाठ काढतात. शेजारीच त्या वीज प्रकल्पाच्या चिमण्या, ज्यावरून नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात रान उठलं होतं. प्रकल्प उभारणाऱ्या एन्रॉन कंपनीचं नाव रिक्षावाले अजूनही पत्ता सांगायला वापरतात.

वेलदूरच्या कोळीवाड्यावरून धोपाव्याला या. इथून दाभोळची जंगलजेटी. ही सेवा 2003पासून चालू आहे. ती नसती तर समोर दिसणाऱ्या दाभोळला जायला चिपळूणचा वळसा पडला असता. गाडी धोपाव्यालाच ठेवा आणि चालत चढा.

दाभोळ आज झोपाळू गाव आहे, पण बहामनी काळात इथून घोडे, कापड आणि हजचे यात्रेकरू जात-येत. पंधराव्या शतकातला रशियन प्रवासी अफनासी निकितिन परतीच्या जहाजात दाभोळलाच चढला. 1508च्या अखेरीला पोर्तुगीजांनी हे बंदर जाळलं. त्या वैभवातली दिसण्यासारखी खूण म्हणजे धक्क्याजवळची विजापुरी धाटणीची दगडी मशीद, जिला लोक अंडा मशीद म्हणतात. गावाबाहेर चंडिकादेवीचं देऊळ कातळातल्या गुहेत आहे. आत विजेचा दिवा नाही, फक्त समया. वाकून, चाचपडत जावं लागतं आणि डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही. घाई केलीत तर डोकं आपटेल.

तीनच्या सुमारास भरती पूर्ण होते. तेव्हा परतीची बोट धरा. खाडी काठोकाठ भरलेली असते, तिवरांचे शेंडेच तेवढे वर.

खाणं

घरगुती मुक्कामात नाश्त्याला घावन, आंबोळी किंवा मऊ भात मागा, पोहे आपल्या घरीही मिळतात. शाकाहारी जेवणात कुळथाचं पिठलं, फणसाच्या आठळ्यांची भाजी, नारळाचा रस घातलेली उसळ आणि सोलकढी. मासे खाणाऱ्यांनी सुरमई-पापलेटचा हट्ट सोडून खाडीचं काय आलंय ते विचारावं: बोय मासा, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, शिंपल्यांतले मुळे आणि कालवं. कालवं सुकतीला खडकावरून कोयत्याने फोडून काढतात, डझनभर कालवांमागे तासाभराचं वाकणं असतं, म्हणून भावात घासाघीस करू नये. चिंबोऱ्या अमावास्येच्या सुमारास भरलेल्या मिळतात असं इथले लोक छातीठोकपणे सांगतात. माझ्या ताटापुरतं तरी ते खरं ठरलंय. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताजे समुद्री मासे मागून यजमानांना अडचणीत टाकू नका.

दिवस पाचवा, पंचमी: मगरी आणि परत

गुहागर ते चिपळूण पंचेचाळीसेक किलोमीटर. सकाळी सातला निघा. समुद्राच्या तोंडाशी सुकती पावणेदहाला, पण खाडीत जसजसे आत जाल तसतशी ती उशिरा पोचते. म्हणजे चिपळूणजवळच्या पट्ट्यात अकरापर्यंत काठ उघडे असतात. गोवळकोटच्या बाजूच्या धक्क्यांवरून होड्या मिळतात. आदल्या दिवशी फोन करून ठरवा आणि लाइफ जॅकेट आहेत का ते आधीच विचारा. नसतील तर दुसरी होडी बघा.

वाशिष्ठीची एक गंमत आहे. कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून वीज तयार करून इकडे सोडलं जातं, त्यामुळे सह्याद्रीच्या पलीकडचं, खरं तर कृष्णेकडे जाणारं पाणी या नदीत उतरतं. कडक उन्हाळ्यातही ती आटत नाही. गोड्या पाण्याचा हा ओघ आणि मऊ काठ मगरींना मानवले आहेत. थंडीत त्या ऊन खात आ वासून पडलेल्या असतात. तो आ रागाचा नसतो, शरीराची उष्णता सांभाळण्याची ती रीत. होडीवाल्याला इंजिन बंद करून वाहवत न्यायला सांगा. हात बाहेर लोंबकळू देऊ नका आणि अंड्याची टरफलं, बिस्किटं काही टाकू नका. दोन्ही काठांना खाजणं, मधूनच एखादी वाडी, आणि पांढरी चिपी, जिला 2020मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलं. तिच्या पायाशी चिखलातून वर आलेल्या टोकदार मुळ्या दिसतील. झाड त्यांतून श्वास घेतं.

होडीतून उतरल्यावर वेळ उरला तर गोवळकोटचा छोटा किल्ला चढा. खाली करंजेश्वरीचं देऊळ, वर नदीचं वळण. याच नदीने जुलै 2021मध्ये चिपळूणची बाजारपेठ पहिल्या मजल्यापर्यंत बुडवली होती. जेवायला बसलात की दुकानदारांना पाण्याची खूण विचारा, बहुतेक जण भिंतीवर बोट ठेवून दाखवतात.

चिपळूणहून मुंबईकडे दुपारी आणि संध्याकाळी गाड्या आहेत, रात्रीही आहेत. स्टेशन गावाबाहेर वालोप्याला आहे, रिक्षाला पंधरा-वीस मिनिटं धरा. बॅगेत आमसुलं आणि कुळीथ घ्यायचं राहिलं असेल तर बाजारातच घ्या. आमसुलं हातात दाबून पाहा: मऊ आणि काळसर ती या सालची, कडक आणि पांढुरकी ती गेल्या सालची.